शनिवार सकाळचा पिस्तुलांचा वर्ग

मला पिस्तुलं दुरुस्त करायला शिकायचंय, हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई टेबलावर वर्तमानपत्र पसरून शेपू निवडत होती आणि बाबा गॅसपाशी उभे राहून वडाभाताचे वडे तळत होते. बाबा नागपूरचे, त्यामुळे आमच्या शुगर लँडच्या घरात रविवारचा स्वयंपाक त्यांचा असायचा आणि त्या दिवशी हिंगाचा वास थेट गराजपर्यंत जायचा. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. आत एसी चालू होता, वर पंखाही होता, आणि तरी बाबांच्या कपाळावर घाम होता, कारण तळताना ते कायम झारा धरलेला हात लांब करून आणि मान मागे टाकून उभे राहत, जणू कढई त्यांच्यावर धावून येणार आहे. माझं वाक्य ऐकून त्यांनी गॅस बारीक केला. आईने मात्र शेपूची काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली आणि दुसरी काडी उचलली.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, ह्यूस्टनला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि युनिव्हर्सिटीच्या पिस्तूल क्लबमध्ये दोन वर्षं जात होते. क्लब म्हणजे फार मोठं काही नव्हतं. एका तळघरात लांबट खोली, टोकाला कागदाची लक्ष्यं आणि लोखंडी कपाटात कुलपाआड पाच जुनी पिस्तुलं. एका हाताने, श्वास रोखून, कागदावरच्या काळ्या ठिपक्यात गोळी मारायची. त्या एका क्षणात डोक्यातला सगळा गलका थांबतो, हे मला इतकं आवडायचं की मी परीक्षेच्या आदल्या दिवशीही जाऊन यायचे. अडचण अशी झाली की त्या पाचांपैकी तीन पिस्तुलं बंद पडली. त्यांची देखभाल करणारे वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ त्यांच्या लेकीकडे ओहायोला राहायला गेले होते. वसंतातल्या स्पर्धेपर्यंत निदान चार पिस्तुलं चालू झाली नाहीत, तर ती खोली तलवारबाजीच्या क्लबला द्यायची असं ठरत आलं होतं. नवीन घेण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं. मग मी म्हटलं, मीच शिकते.

"दुरुस्त करायला म्हणजे नेमकं काय करायला?" बाबांनी विचारलं. त्यांना कुठल्याही यंत्राबद्दल आधी उत्सुकता वाटायची आणि मग काळजी.

"उघडायचं, साफ करायचं, झिजलेला भाग ओळखायचा, नवा बसवायचा. स्प्रिंगा, पिना. घड्याळासारखंच, बाबा."

"घड्याळासारखं नाहीये ते," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

आई इमर्जन्सीतली डॉक्टर होती. मिरजेला शिकली, लग्न करून इथे आली, परीक्षा परत दिल्या आणि मग ह्यूस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये पुष्कळ वर्षं काढली. तिथे काय पाहिलं हे ती घरी कधी सांगत नसे. पण काही सकाळी ती घरी यायची, अंघोळ करायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच चहा प्यायची, खुर्ची ओढून बसायची नाही. तशा सकाळी बाबा आणि मी आवाज न करता वावरायचो. रात्री गोळी लागलेलं कुणीतरी आलेलं असणार, हे आम्हाला न सांगता कळायचं. माझं क्लबला जाणं तिने चालवून घेतलं होतं, पण दोन वर्षांत एकदाही बघायला आली नव्हती.

त्या दिवशी शेपू निवडून झाल्यावर तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाली, "ती बंद पडलीत ना? बरं झालं. बिघडलेल्या पिस्तुलाची गोळी कुणाला लागत नाही, ऋचा. जगातली सगळी तशी झाली तर मी दोन रात्री नीट झोपेन."

बाबांनी तिच्या ताटात वडा वाढला. तिने तो खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

पण मी शोध सुरू केला होता, आणि तो शोध हा एक वेगळाच विनोद होता. मला वाटलं होतं, टेक्सासमध्ये पिस्तुलांचं काम शिकवणारा माणूस शोधणं म्हणजे पुण्यात गाणं शिकवणारा शोधण्यासारखं असेल, दर दोन गल्ल्यांआड एक. तसं मुळीच नव्हतं. विकणारे ढिगाने होते, चालवायला शिकवणारे होते, दुरुस्तीचं नाव काढलं की सगळे गप्प. एका दुकानात फोन केला तर माणूस म्हणाला, "आम्ही काही उघडत नाही, कंपनीकडे परत पाठवतो." दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी माझं बोलणं अर्ध्यात तोडून सांगितलं की बायकांचा वर्ग मंगळवारी असतो, कानाला लावायचं ते मिळेल, केस बांधून ये. मी म्हटलं, मला चालवायला नाही, दुरुस्त करायला शिकायचंय. त्या म्हणाल्या, "अगं, मग नवऱ्याला पाठव ना." कोलोरॅडोच्या डोंगरात दोन वर्षांचा पूर्ण कोर्स होता, त्यांनी अगदी आपुलकीने माहिती दिली, पण त्यासाठी मला डिग्री सोडावी लागली असती. घरबसल्या शिकवणारा एक कोर्स होता, व्हिडिओ बघायचे आणि शेवटी सर्टिफिकेट. बाबांनी त्याचा पहिला व्हिडिओ माझ्या खांद्यावरून पाहिला आणि म्हणाले, "हा माणूस कानस धरतो कशी बघ. याच्याकडून तू फक्त सर्टिफिकेट शिकशील." बाबांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंड घासलेलं होतं, आणि ते दुःख त्यांना अजून ताजं होतं.

शेवटी मी ओहायोला वॉल्टरनाच फोन लावला. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांची लेक मध्ये बसून माझे प्रश्न मोठ्याने परत सांगत होती. ते खूप वेळ हसले. म्हणाले, "डार्लीनकडे जा. गावाबाहेर, भातशेतीच्या पलीकडे छोटं कम्युनिटी कॉलेज आहे, तिथे शनिवारी सकाळी शिकवते. तुला सापडायची नाही ती. कॉलेजला कळेना या वर्गाला कुठे बसवायचं, म्हणून त्यांनी तो वेल्डिंगखाली टाकलाय." मी कॉलेजच्या यादीत वेल्डिंगखाली शोधलं. 'बाकावरचं धातुकाम, प्राथमिक' असं निरुपद्रवी नाव होतं. फोन केला तर स्वतः डार्लीनच बोलल्या. "एकवीस पूर्ण आहेत? ओळखपत्र आण. पायात बंद बूट घाल. गोळ्या आणायच्या नाहीत, एकही नाही, गाडीतसुद्धा नाही. पिस्तूल आणायचं नाही, माझ्याकडे आहेत. पहिल्या महिन्यात तुला ती दिसणारही नाहीत." आणि फोन ठेवला.

मी घरी सांगितलं. आई हात पुसत म्हणाली, "मी येणार बरोबर. एकदा बघणार कोण बाई आहे ती. मग काय ते बोलू."

पहिल्या शनिवारी आम्ही उजाडताच निघालो. मी ड्राइव्ह करत होते, आई शेजारी मांडीवर डबा घेऊन बसली होती. फॉइलमध्ये थालीपीठं आणि छोट्या बरणीत दही. ह्यूस्टनच्या उलट्या बाजूला गेलं की घरं एकदम संपतात आणि सपाट हिरवी शेतं लागतात, मध्येच पांढरे बगळे उभे असतात. आईने तिथे पहिल्यांदा खिडकी खाली केली आणि म्हणाली, "हे आमच्या कृष्णाकाठासारखं दिसतंय की." मग दमट गरम हवा आत आली तशी तिने खिडकी परत वर केली. तासभराच्या त्या प्रवासात ती पिस्तुलाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने माझ्या भविष्यातल्या नोकरीबद्दल, महाराष्ट्र मंडळातल्या सुलभाकाकूंच्या गुडघ्याबद्दल आणि थालीपिठात कांदा जास्त झाल्याबद्दल बोलून घेतलं.

मिस डार्लीन साठीच्या होत्या. पाठीवर करड्या केसांची लांब वेणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि बोटं इतकी जाड की या बाई बारीक पिना कशा उचलत असतील असं वाटावं. तिकडे सगळे त्यांना मिस डार्लीन म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. वर्गात आम्ही सहा जण होतो. आई पुस्तक घेऊन मागच्या स्टुलावर बसली. मिस डार्लीननी तिच्यासमोर संरक्षक चष्मा ठेवला.

"मी फक्त हिची आई आहे," आई म्हणाली.

"मीही कुणाची तरी आई आहे, मॅम. माझ्या वर्कशॉपमध्ये चष्म्याशिवाय कुणी बसत नाही. आणि चष्मा घातलेलं कुणी रिकामं बसत नाही." असं म्हणून त्यांनी आईच्या हातात कानस दिली आणि बाकाला बसवलेल्या व्हाइसमध्ये एक लोखंडी तुकडा आवळून दिला.

महिनाभर आम्ही तेच केलं. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा, त्याच्या सहाही बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या. थोडं घासायचं, उजेडासमोर धरायचं, पट्टी लावायची, पट्टीखालून उजेड दिसला की परत घासायचं. खोलीत फक्त कानशींचा खरखर आवाज आणि मिस डार्लीनच्या रेडिओवर बारीक आवाजात कुणीतरी घोडा आणि प्रेयसी दोन्ही गमावल्याचं गाणं. माझे खांदे दुखायचे, नखांत काळं जायचं. दुसऱ्या शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली तर आई डबा घेऊन दारात तयार उभी. "एकदाच येणार होतीस ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्या तुकड्याची एक बाजू राहिलीये माझी." बाबांनी पेपरामागून खोकल्याचा आवाज काढला.

मग पिस्तुलं आली, आणि त्यांच्याबरोबर मिस डार्लीनचा नियम. पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी त्याचं तोंड गोळी झेलायला ठेवलेल्या वाळूच्या पेटीकडे करायचं, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढायचं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीत एखादी गोळी राहिली नाही ना ते बघायचं, करंगळी घालून चाचपायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामं." घेणाऱ्यानेही तेच सगळं परत करायचं आणि परत म्हणायचं. आधीच्याचं ऐकून म्हणायचं नाही. सकाळभरात तो शब्द इतक्यांदा व्हायचा की खोलीत जप चालल्यासारखं वाटे. आई घासता घासता थांबून ते ऐकायची. एकदा परत येताना म्हणाली, "आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी सगळे थांबतात आणि पेशंटचं नाव, कुठली बाजू, सगळं मोठ्याने म्हणतात. माहीत असलं तरी म्हणतात. ही बाई बरोबर करतेय." तिच्याकडून इतकी स्तुती मला हायस्कूलच्या निकालालाही मिळाली नव्हती.

हसण्यासारखंही खूप झालं. पहिल्यांदा मी एक पिस्तूल पूर्ण उघडलं तेव्हा त्यातली तांदळाएवढी स्प्रिंग टुणकन उडाली. आम्ही सातही जण गुडघ्यांवर रांगत ती शोधत होतो, आईने तर मोबाइलचा टॉर्च लावून बाकाखाली डोकं घातलं. शेवटी ती मिस डार्लीनच्या वेणीत अडकलेली निघाली. त्यांनी ती शांतपणे काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी पिशवीत हात घालून उघड." तेव्हापासून मी आजतागायत पारदर्शक पिशवीत हात घालून स्प्रिंगा काढते. आता चष्म्याशिवाय ती तांदळाएवढी वस्तू मला दिसतही नाही, पण बोटांना अजून बरोबर कळते.

वर्गात रे नावाचा एक मोठ्ठा माणूस होता. शाळेची बस चालवायचा, बोलायला फार गोड, आईच्या थालीपिठांचा पहिला गिऱ्हाईक. वर्ग संपत आल्यावर मिस डार्लीननी ज्यांच्या घरी जुनं, बिघडलेलं पिस्तूल आहे त्यांना ते तपासून, रिकामं करून आणायची परवानगी दिली. रेने त्याच्या वारलेल्या वडिलांचं आणलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून. गंज चढलेला, स्लाइड घट्ट बसलेली. त्याने मॅगझिन काढून मला दाखवलं. "रिकामं. डॅडी कधीच भरून ठेवत नसत. घे, तुझा हात हलका आहे."

मी ते घेतलं, तोंड वाळूच्या पेटीकडे केलं आणि स्लाइड ओढली. ती हललीच नाही. मी परत ओढली. रे माझ्याकडे हसून बघत होता. त्याला मी चांगली ओळखत होते, त्याचं म्हणणं खोटं असण्याचं काही कारण नव्हतं, आणि मला तेव्हा मनापासून वाटलं की म्हणून टाकावं. तोंड उघडलंही. पण आतलं मला दिसलं नव्हतं, आणि तो शब्द काही माझ्या तोंडून फुटेना. मी पिस्तूल तसंच वाळूच्या पेटीकडे तोंड करून ठेवलं आणि हात मागे घेतले. "सॉरी, रे. मला आत बघता आलेलं नाही," मी म्हटलं. "मिस डार्लीन, जरा इकडे याल का?"

त्यांनी एकदा पिस्तुलाकडे पाहिलं आणि सगळ्यांना बाहेर पार्किंगमध्ये जायला सांगितलं. मला म्हणाल्या, "तू थांबतेस?" मी मान हलवली. आई बाहेर गेली नाही. दारात उभी राहिली, एक हात चौकटीवर. मिस डार्लीननी तेल सोडलं, आम्ही थांबलो, परत तेल सोडलं. रेडिओ बंद केला होता. मग त्यांनी पिस्तूल वाळूत रोखून घट्ट धरलं, माझा हात स्लाइडवर ठेवला आणि दोघींनी मिळून हळूहळू जोर लावला. स्लाइड कुरकुरत मागे आली आणि आतून एक हिरवट पडलेली गोळी निघून वाळूत पडली. आवाज काहीच झाला नाही.

रेला आत बोलावून दाखवलं तेव्हा तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "काल दुपारी हा डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. नातवंडं बिस्किटं आहेत म्हणून उघडायला बघत होती." त्याचे ओठ पांढरे पडले होते. आईने तोवर त्याचं मनगट धरलेलं होतं. तिने त्याला खाली मान घालून बसवलं, पाणी दिलं, त्याच्या भल्यामोठ्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मराठीतच म्हणाली, "झालं, झालं. निघाली ती." त्याला भाषा कळली नसावी, पण तो मान हलवत होता.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "थांब कुठेतरी." मी युरोपातून आलेल्या चेक लोकांच्या एका बेकरीपाशी गाडी लावली. त्या भागात 'कोलाचे' नावाचे पाव फार छान मिळतात, मऊ आणि मध्यभागी जर्दाळूचा गोड ठिपका. आम्ही गाडीतच बसून खाल्ले. आईने दोन खाल्ले आणि बोटं पुसली.

"माझ्याकडे येतात ना, त्यांतले कितीतरी असेच असतात," ती म्हणाली. "घरचे सांगतात, डॉक्टर, आम्हाला वाटलं रिकामं आहे. सगळ्यांचं तेच वाक्य असतं." मग जरा वेळाने, "तू म्हणाली असतीस, तर तो ते घेऊन परत घरी गेला असता."

"म्हणणारच होते गं मी."

"पण नाही म्हणालीस." तिने कागदाची पिशवी नीट दुमडली. "शीक तू हे. नीट शीक. मी आपली उगाच बिघडलेली बरी म्हणत होते."

त्या वसंतात क्लबची तिन्ही पिस्तुलं सुरू झाली. दोन पिस्तुलांच्या स्प्रिंगा मेलेल्या होत्या, एकात वॉल्टरनी कधीतरी घातलेलं तेल डिंकासारखं थिजलं होतं. स्पर्धेत आम्ही शेवटून दुसरे आलो आणि कमालीचे खूश होतो. आई बघायला आली, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे गोळे लावून पहिल्या रांगेत बसली. खोली आमच्याकडेच राहिली.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला सुलभाकाकूंनी आईला विचारलं, ऋचा सध्या काय करते. मला वाटलं आई डिग्रीचं सांगेल. ती पोळी वाढता वाढता म्हणाली, "इंजिनिअर झाली. आणि पिस्तुलं दुरुस्त करते. तुमच्याकडे आहे का एखादं?"

सुलभाकाकू म्हणजे मंडळाच्या भजनाच्या प्रमुख. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "यांनी घेतलंय. चोरीमारी वाढली तेव्हा. बेडरूमच्या कपाटात आहे." त्यावर समोर बसलेले एक काका खाली बघत म्हणाले, आमच्याकडेही आहे. मग आणखी कुणीतरी. इतकी वर्षं एकमेकांच्या घरी जेवायला जाणारी ही माणसं, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आई आणि मी काकूंकडे गेलो. काकूंचे यजमान श्रीकांतकाका आधी थोडे ऐटीत होते, "एकदम नवीन आहे, बिघडलंबिघडलं काही नाही," वगैरे. पिस्तुलाची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर, एका सुटकेसच्या डोक्यावर ठेवलेली होती. मी ती खाली घेतली, पिस्तूल उघडलं, आत पाहिलं, करंगळी घातली. खरंच रिकामं होतं. काका हसले. मग मी ते काकूंपुढे धरलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सुलभा, बघ तरी. मीही आधी हात लावत नव्हते." बऱ्याच वेळाने काकूंनी हात पुढे केला. मी सांगेन तसं त्यांनी मॅगझिन काढलं, दोन्ही हातांनी स्लाइड ओढली, वाकून आत पाहिलं, करंगळी घातली आणि भजन म्हणायच्या आवाजात म्हणाल्या, "रिकामं." काकांनी दुपारीच फोन करून कुलपाची छोटी तिजोरी मागवली, ती गराजमध्ये भिंतीला ठोकायची ठरली.

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा काकू परत कपाटापाशी गेल्या. फळीवरची ती सुटकेस त्यांनी खाली ओढली, पलंगावर ठेवून उघडली आणि मलमलच्या कापडातून एक मोरपंखी पैठणी काढली.

"अगं, ही आहे होय इथे?" काका म्हणाले. "मला वाटलं भारतात राहिली. नेसत का नाहीस मग?"

"तुमची पेटी होती ना वर," काकू म्हणाल्या. त्यांनी घडी मोडून पदर खिडकीच्या उजेडात धरला, कुठे कसर लागली आहे का ते बघायला. कुठेही लागलेली नव्हती.